साठ फूट सहा इंच

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापूर हे पॉली उम्रीगर यांचे जन्मगाव. अशा क्रिकेटवेड्या शहरात मी बेसबॉलच्या एका पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूचा, चाहता झालो, तो निव्वळ योगायोगाने. नववीत असताना, तासिका बुडते एवढ्याच आनंदात, मी पार्क मैदानावर शालेय सामने पाहायला गेलो होतो. तिथे एक शिडशिडीत तरुण असा चेंडू टाकत होता की तो छातीच्या उंचीवरून येतो आहे असे वाटून फलंदाज बॅट फिरवी आणि तेवढ्यात चेंडू गुडघ्याशी उतरलेला असे. पुढची चार वर्षे त्याचा सामना असला की मी हमखास मैदानावर असे. मग तो दिसेनासा झाला.

मागच्या महिन्यात, सकाळी फिरायला गेलो असताना, मुलांच्या घोळक्यात ते मला दिसले. केस पिकले होते, पण उभे राहण्याची ढब तीच होती. ते आता प्रशिक्षक आहेत. मी जवळ जाऊन म्हणालो, "सर, मी तुमचा जुना चाहता." ते हसले आणि बसायला स्वतःची खुर्ची देऊ लागले. मला मात्र बसायचे नव्हते, तो चेंडू पुन्हा एकदा पाहायचा होता, आणि संकोच बाजूला ठेवून मी तसे बोलूनही गेलो.

त्यांनी उत्तरादाखल उजवा हात पुढे केला. कोपर पूर्ण सरळ होत नव्हते. "विशीच्या आतच संपवला मी हा हात," ते म्हणाले, "कोणी मोजत नव्हते ना!"

मग त्यांनी चेंडू माझ्या हातात दिला. वजन दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर, मधे बूच आणि रबर, त्यावर घट्ट गुंडाळलेला लोकरीचा धागा, आणि वरच्या कातड्यावर हाताने घातलेले लाल दोऱ्याचे १०८ टाके. माझे वडील यंत्रमागावर होते. कापडाप्रमाणे चेंडूतही खरी करामत धाग्याचीच, हे मला त्या क्षणी जाणवले आणि गंमत वाटली. सरांनी माझे मधले बोट शिवणीवर टेकवले. मनगट वळवून चेंडूला पुढच्या अंगाने फिरकी दिली की उंचावलेली शिवण भोवतालची हवा ओढून घेते, हवेचा दाब चेंडूला खाली ढकलतो, आणि पिचरपासून फलंदाजाजवळच्या पाटीपर्यंतच्या, म्हणजे होम प्लेटपर्यंतच्या, ६० फूट ६ इंचांत, म्हणजे सुमारे साडेअठरा मीटरमध्ये, तो नुसत्या गुरुत्वाकर्षणाने पडेल त्याहून बराच अधिक खाली येतो. त्याला कर्व्हबॉल म्हणतात. वर्षानुवर्षे ज्याला मी जादू समजत होतो, ती त्यांनी दोन मिनिटांत उलगडून दाखवली, आणि खरे सांगायचे तर मला थोडे वाईटही वाटले.

समोर एक बारा वर्षांचा मुलगा चेंडू टाकत होता. सरांच्या डाव्या खिशात चिंचोके होते. प्रत्येक चेंडूला एक चिंचोका उजव्या खिशात जाई. वाढत्या वयात कोपराच्या हाडाची टोके कच्ची असतात, त्यांवर तोच ताण पुन्हा पुन्हा आला तर इजा होते, असे त्यांनी सांगितले. अमेरिकेतल्या लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल स्पर्धांमध्ये अकरा-बारा वर्षांच्या पिचरला दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा आहे, आणि ६६ किंवा त्याहून अधिक टाकले तर पुढे चार दिवस विश्रांती सक्तीची. सरांचा हिशेब त्याहून कडक होता. सोलापूरचे ऊन धरून त्यांनी ५० वरच रेघ मारली होती, आणि कर्व्हबॉल तर या मुलांना मनाईच होती.

मुलाचा चेंडू छान पडत होता. "सर, अजून एक!" तो ओरडला. सरांनी डावा खिसा बाहेर काढून दाखवला. तो रिकामा होता. मुलगा हिरमुसला, माझ्याकडे आशेने पाहू लागला. चेंडू माझ्याच हातात होता.

मी तो सरांना परत दिला.