डोक्यावर छत असलेले पाणी

मराठवाड्यात पोहणे शिकले जाते ते विहिरीत. उन्हाळ्याच्या सुटीत पाठीला डबा किंवा पांगऱ्याचे लाकूड बांधून पोराला पाण्यात सोडतात, दोनतीन उन्हाळ्यांत ते काठावरून सूर मारू लागते आणि एके दिवशी बुडी मारून तळाचा गाळ मुठीत घेऊन वर येते. गावाच्या लेखी तो आता पट्टीचा पोहणारा असतो. या कौशल्याविषयी आम्हाला आदर आहे. मात्र दम संपत आला की पाय मारून सरळ वर यायचे, या एका भरवशावर ते सारे उभे आहे. पाण्याखालच्या गुहेत वर खडक असतो.

फ्लोरिडात किंवा मेक्सिकोच्या युकातान भागात चुनखडी विरघळून पाण्याने भरलेल्या गुहांची लांबच लांब जाळी तयार झाली आहेत. आपला काळा पाषाण तसा विरघळत नाही, त्यामुळे तशा गुहा मराठवाड्यात नाहीत. पण डोक्यावर छत असलेले पाणी इथेही आहे. बीडजवळच्या निजामशाही काळातील खजाना बावडीला पाणी आणणारे आणि बाहेर नेणारे बोगदे आहेत. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली नहर-ए-अंबरी ही पाणी आणणारी नहर छत्रपती संभाजीनगरच्या जमिनीखालून जाते. ही प्रसिद्ध ठिकाणे बाजूला ठेवली तरी, जुन्या विहिरीच्या बांधकामाखालचा मुरूम खचून पडलेली कपार आपल्या गावकऱ्यांना चांगली ठाऊक असते. बुडालेला माणूस गळाला लागला नाही की तो कपारीत अडकला असेल, असे काठावर कुणीतरी म्हणते आणि सगळ्यांच्या नजरा त्या पट्टीच्या पोहणाऱ्याकडे वळतात.

तो आत शिरतो तेव्हा पाणी बहुधा नितळच असते, आणि हा नितळपणाच घात करतो. पायाच्या दोनचार फटकाऱ्यांनी तळाचा बारीक गाळ उठतो, पाठीला हवेचा सिलिंडर लावला असेल तर सुटणारे बुडबुडे छताला चिकटलेली मातीही खाली पाडतात, आणि मागे वळेपर्यंत हाताची बोटेही दिसेनाशी होतात. बॅटरीचा उजेड गढूळ पाण्यावरून उलटा डोळ्यांवर येतो. उजवे-डावे आणि काही वेळाने वर-खाली यांचेही भान राहत नाही. दार तीन-चार हातांवर असूनही माणूस आणखी आत जाऊ शकतो.

प्रशिक्षित गुहा-पाणबुड्याची सारी शिस्त याच घटकेसाठी असते. तो बाहेरच्या मोकळ्या पाण्यात दोर पक्का बांधतो, तो उलगडतच आत जातो, आणि दिसेनासे झाले की अंगठा व तर्जनी यांचे कडे दोराभोवती धरून, घट्ट न आवळता आणि न ओढता, त्या आधाराने बाहेर येतो. दोरावर जागोजागी प्लास्टिकचे बाण अडकवलेले असतात. बाणाचे टोक बोटांनी चाचपून बाहेरची दिशा ओळखता येते. प्रत्येकाजवळ निदान तीन बॅटऱ्या असतात. हवेचा एक तृतीयांश भाग जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि उरलेला संकटासाठी, असा हिशेब असतो, आणि पहिला भाग संपताच, समोर काहीही दिसत असले तरी, तो मागे फिरतो.

सिलिंडर मिळाला की प्रश्न सुटला, हा समज तर फारच घातक आहे. 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट आणि 30 मीटरवर चौपट होतो, म्हणून वर तासभर पुरणारी हवा तिथे पंधरा मिनिटांत संपते. घाबरून श्वास वाढला तर त्याहून आधी. शिवाय विहिरीत शिकलेला माणूस सवयीने दम धरून वर येतो. सिलिंडरमधली हवा घेतल्यावर असे केल्यास दाब कमी होताना ती छातीत फुगते आणि फुप्फुसे फाटू शकतात. ज्या सवयीने त्याला इतकी वर्षे तारले, तीच इथे मारते.

मोकळ्या पाण्यातला निष्णात माणूसही गुहेत नवशिका असू शकतो. फ्लोरिडातील गुहांच्या तोंडाशी पाण्याखाली लावलेल्या फलकांवर, अशा गुहांमध्ये 300 हून अधिक पाणबुडे मरण पावले असून त्यांत मोकळ्या पाण्यातील डायव्हिंगचे प्रशिक्षकही होते, असे लिहिलेले आहे. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत 2018 च्या जूनमध्ये 12 मुले आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले, तेव्हा समुद्रात तयार झालेल्या नौदलाच्या पाणबुड्यांनाही त्या गढूळ, चिंचोळ्या वाटा अवघड गेल्या. मुलांपर्यंत प्रथम पोहोचले ते रिक स्टँटन आणि जॉन वोलान्थन हे दोन ब्रिटिश गुहा-पाणबुडे. त्यांपैकी एक निवृत्त अग्निशामक होते, तर दुसरे संगणक क्षेत्रात काम करणारे. हवेचे सिलिंडर पोहोचवून परतताना थायलंडच्या नौदलाचे माजी जवान समन कुनान यांचा 6 जुलै रोजी मृत्यू झाला.

गुहा-पाणबुड्यांत एक नियम आहे: कोणीही, केव्हाही, कारण न सांगता बुडी रद्द करू शकतो, आणि त्याला कोणी जाब विचारत नाही. आपल्या विहिरीच्या काठावर हा हक्क पोहणाऱ्याला मिळत नाही. आईबाप रडत असतात, नातेवाईक हात जोडत असतात, आणि नाही म्हणणारा भित्रा ठरतो. माणूस बुडून कित्येक तास झाले असतील आणि आता फक्त मृतदेह काढायचा असेल, तर कपारीत किंवा बोगद्यात जिवंत माणूस पाठवण्याची कोणतीही घाई नसते. 112 वर किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या 1077 या क्रमांकावर कळवावे आणि मोटारी लावून पाणी उपसायला घ्यावे. थाम लुआंगमध्येही पाणी उपसण्याचे काम रात्रंदिवस चालले होते आणि त्यात महाराष्ट्रातील किर्लोस्कर ब्रदर्सच्या तज्ज्ञांनी मदत केली होती. हे काम आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. मात्र डिझेल इंजिन विहिरीच्या आत उतरवू नये, कारण त्याचा विषारी धूर तळाशी साचतो. आणि पाणी आटल्यावरही, आतली हवा तपासल्याशिवाय आणि कमरेला दोर बांधून वर माणसे उभी केल्याशिवाय कोणालाही खाली सोडू नये.