स्पितीतली तुटक रेघ

मंडळी, आपल्या सोलापूर जिल्ह्यात विहीर खणली की वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, खाली काळा पाषाण. बार्शी असो की सांगोला, थोड्याफार फरकानं हेच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा आडवा पसरला आणि आडवाच राहिला. अशा मुलखातला माणूस हिमाचल प्रदेशातल्या स्पितीत, हिमालयातल्या त्या उंच खोऱ्यात गेला की आधी भांबावतो. तिथं थर उभे, तिरके, घड्या पडलेले. झाड नाही, गवत विरळ, सगळा कातळ उघडा. नकाशा करणाऱ्याला यापरतं सुख नाही, फक्त दर दहा पावलांवर दम लागतो.

१८६४ साली इथं फर्डिनंड स्टोलिच्का आला. मोराव्हियातला, वय सव्वीस, भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या नोकरीत. मूथ, कुलिंग, लिलांग, ग्युमल, चिक्कीम ही तिथल्या गावांची नावं त्यानं थरांना दिली. ती आजही चालतात.

नकाशावरची रेघ म्हणजे दोन खडकांची शीव, आणि शीव पायानं शोधावी लागते. खाली करडा चुनखडक, हातोडी मारली की खणखणतो. त्यावर काळा स्पिती शेल, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेला खडक, बोटानं पापुद्रे सुटावेत इतका ठिसूळ. हा शेल घसरत खाली येतो आणि चुनखडक झाकून टाकतो. म्हणून उतारावर काळा चुरा दिसला की शीव तिथंच, असं धरायचं नाही. वर चढायचं, जाग्यावरचा, न हललेला थर गाठायचा आणि तिथं होकायंत्र लावायचं: थर कुठल्या दिशेला चाललाय, किती अंशांनी कललाय. मग पुढची घळ, पुन्हा तेच. मधला भाग दरडीखाली गेला असेल तर रेघ तुटक काढायची. मला ही तुटक रेघ फार मोलाची वाटते. मागून येणाऱ्याला ती सांगते, इथं मी पाहिलेलं नाही, अंदाज केलाय, तू जाऊन बघ.

याच शेलमध्ये काळे गोटे मिळतात. फोडले की आत अमोनाइट, म्हणजे जुन्या समुद्रातल्या जीवाचा दगड झालेला वेटोळा शंख, अंगावर बारीक उभ्या कडा. पंढरीच्या या जिल्ह्यात शाळिग्राम घरोघरी पुजला जातो, तो हाच; नेपाळात गंडकीच्या वरच्या खोऱ्यातल्या तशाच समुद्री गाळातून तो सुटून येतो. किरणोत्सारानं वय मोजणं तेव्हा नव्हतंच. युरोपातल्या ओळखीच्या शंखांशी ताडून स्टोलिच्कानं हे थर ज्युरासिक काळात बसवले.

१८७४ च्या जूनमध्ये मध्य आशियातल्या यारकंदहून परतताना, काराकोरम खिंड ओलांडल्यावर, लडाखमधल्या मुर्गो इथं स्टोलिच्का वारला. छत्तीस वर्षांचा होता. एवढ्या उंचीवर त्याचं डोकं आधीही असह्य दुखायचं, तरी तो पुन्हा गेला होता. त्याची समाधी लेहमध्ये आहे.

पुढं त्याच विभागातल्या हेन्री हेडननं स्पितीतली तीच खोरी पुन्हा पालथी घातली. पाराहिओ नदीकाठच्या तळाच्या थरांत त्याला ज्युरासिकच्या कितीतरी आधीच्या कँब्रियन काळातले ट्रायलोबाइट, म्हणजे कवचधारी समुद्री जीवांचे जीवाश्म, सापडले. १९०४ साली त्याचा अहवाल छापून आला, तेव्हा स्पितीतल्या समुद्राचा इतिहास ५० कोटी वर्षांपर्यंत मागं गेला.