तारापोरांची तेवीस वर्षं

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘चविंड्याची लढाई’, म्हणजे 1965 च्या भारत-पाकिस्तान युद्धातली. तिथवर मी येतोच. पण आधी लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांच्या नोकरीबद्दल बोलू द्या. परमवीरचक्राच्या मानकऱ्याचा शेवटचा दिवस आपल्याला तोंडपाठ असतो, त्याआधीच्या वर्षांची चौकशी कुणी करत नाही. शाळेतली मुलं भाषणात ‘शत्रूवर तुटून पडले आणि धारातीर्थी पडले’ एवढं म्हणतात आणि खाली बसतात. मुलांचा दोष नाही, आपण त्यांना तेवढंच लिहून देतो. याचा मला मनापासून राग येतो. तुटून पडायलाही माणूस आधी तयार व्हावा लागतो, आणि तो शांततेच्या काळात तयार होतो.

तारापोर 1942 साली हैदराबाद संस्थानाच्या पायदळात अधिकारी झाले. एकदा रंगरुटांचा जिवंत हातबॉम्ब फेकण्याचा सराव चालला होता. आपल्या कामठीला गार्ड्‌सचं नव्या जवानांना शिकवणारं केंद्र आहे, तेव्हा रंगरूट म्हणजे काय हे इथं कुणाला सांगायला नको. पिन काढली की बॉम्ब हातात ठेवून विचार करत बसता येत नाही. त्या पोराचा हात चुकला आणि बॉम्ब पुढे जायचा तो जवळच्याच खड्ड्यात पडला. तारापोर खड्ड्यात उतरले, बॉम्ब उचलला आणि बाहेर भिरकावला. हातातून सुटतो न सुटतो तोच तो फुटला. कपच्या छातीत घुसल्या.

हे सगळं संस्थानाच्या सैन्याचे प्रमुख मेजर जनरल एल एद्रूस बघत होते. त्यांनी नंतर या तरुणाला बोलावून शाबासकी दिली. आता साहेब खूश असताना तुम्ही-आम्ही काय मागितलं असतं? महिनाभराची रजा! (हशा) यांनी बदली मागितली, चिलखती म्हणजे रणगाड्यांच्या पलटणीत. ती मिळालीही, हैदराबाद लान्सर्समध्ये. मला हा प्रसंग फार मोठा वाटतो. ना युद्ध, ना शत्रू, समोर एक घाबरलेलं पोरगं. आणि बक्षीस मागायचं तर आणखी अवघड काम मागायचं.

पुढे संस्थान भारतात विलीन झालं आणि 1951 मध्ये ते पूना हॉर्समध्ये आले. ही पलटण 1817 ची. 1817 म्हटलं की आपल्याला नागपूरच्या सीताबर्डीच्या टेकडीवरची लढाईच दिसते, पण तो विषय काढला तर रात्र इथंच होईल. सेंच्युरियन रणगाड्याचं शिक्षण घ्यायला त्यांना इंग्लंडला पाठवलं होतं. 1965 मध्ये पलटणीची कमान त्यांच्याकडे होती आणि हाताखाली तेच सेंच्युरियन होते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, आता लढाई.

11 सप्टेंबर 1965, सियालकोट आघाडी. तिथलं फिलोरा हे पाकिस्तानातलं गाव घ्यायचं काम पूना हॉर्सकडे. फिलोरा आणि चविंडा यांच्यामधून पुढे सरकताना वझीरवालीकडून पाकिस्तानी रणगाड्यांनी प्रतिहल्ला चढवला. तारापोर मागे हटले नाहीत. रणगाड्यांची एक तुकडी (स्क्वाड्रन) आणि सोबतचं पायदळ घेऊन त्यांनी फिलोरावर चाल केली. जखमी झाले, पण मागे जायला नकार दिला. मग वझीरवाली घेतलं. 16 तारखेला जस्सोरन आणि बुटुर-डोग्रांडी ही गावं घेतली. त्यांच्या स्वतःच्या रणगाड्यावर अनेकदा मारा झाला, तरी ते जागेवरून हलले नाहीत. त्याच दिवशी ते गेले. परमवीरचक्राच्या मानपत्रात आकडे आहेत: शत्रूचे सुमारे 60 रणगाडे नष्ट, आपले गमावलेले 9. आणि त्याच मानपत्रात पुढे लिहिलंय, कमांडिंग ऑफिसर पडल्यावरही पलटण लढत राहिली. माझ्या मते 60 पेक्षा हे वाक्य मोठं आहे. लढाईच्या सहा दिवसांत कुणी पलटण अशी घडवू शकत नाही.

आपले अंत्यसंस्कार रणभूमीवरच करावेत, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तसंच झालं.

चविंडा आपल्या हाती आलं नाही, हेही सांगायला हवं. का आलं नाही, हे नकाशाशिवाय समजणार नाही. नकाशा मी आणलाय, ज्यांना थांबता येईल त्यांनी पुढच्या रांगेत या.