तिसरा भाग, मोडलेली पाठ आणि वस्ताद

नमस्कार मंडळी. भाकऱ्या थापता थापता, नाहीतर दुकानात माल लावता लावता ऐकलंत तरी चालेल असा आजचा विषय आहे. सुपरहिरोंच्या सिनेमांचे तीन-तीन भाग निघतात. त्यातला शेवटचा, म्हणजे तिसरा भाग बघून लोक काय म्हणतात, कशावर चिडतात आणि कशाला शिट्ट्या मारतात, त्याविषयी बोलू.

पहिल्या भागाला माणूस सहज जातो. पाऊस लागलाय, मित्रानं तिकीट काढलंय, चला. दुसऱ्या भागाला थोड्या उत्सुकतेनं जातो. तिसऱ्या भागाला मात्र तो हिशोब घेऊन जातो. मागच्या दोन भागांत काय काय द्यायचं कबूल केलं होतं, ते सगळं त्याच्या लक्षात असतं, दिग्दर्शकाच्या नसेल एक वेळ. तिसऱ्या भागाला माणूस हिशोब घेऊन जातो, हे आजच्या बोलण्यापुरतं ध्यानात ठेवा.

२००७ साली 'स्पायडर-मॅन ३' आला. आपल्याकडं तो भोजपुरीतसुद्धा आला होता. एका सिनेमात तीन-तीन खलनायक, आणि आपला साधा पीटर, म्हणजे खुद्द स्पायडर-मॅन, कपाळावर केस ओढून भर रस्त्यात नाचत निघाला. जगभर लोक हसले, आणि ते हसणं कौतुकाचं नव्हतं. पुढं २०१३ साली 'आयर्न मॅन ३' मध्ये मँडरिन नावाचा भयंकर खलनायक दाखवला, आणि अर्ध्यातनं कळलं की तो निव्वळ भाड्यानं आणलेला एक दारुडा नट आहे. ज्यांनी कॉमिक्स वाचलेली, ते खवळले. ज्यांनी वाचली नव्हती, ते पोट धरून हसले. मी दुसऱ्या गटातला. बेन किंग्जलीनं ते काम असं केलंय की खवळायचं सुचलंच नाही.

पण आज बोलायचंय ते 'द डार्क नाईट राइजेस' विषयी. ख्रिस्तोफर नोलनचा बॅटमॅन. पहिला भाग २००५ चा, दुसरा २००८ चा आणि हा तिसरा, जुलै २०१२ चा. दुसऱ्या भागात हीथ लेजरनं जोकर केला होता. तो सिनेमा पडद्यावर यायच्या आधीच, जानेवारी २००८ मध्ये, तो गेला. ऑस्कर त्याला मरणोत्तर मिळालं. त्यामुळं तिसऱ्या भागाला लोक गेले ते जोकरला शोधत, आणि या भागात जोकरचं नावसुद्धा कुणी घेत नाही. हिशोबातली पहिली मोठी रक्कम तिथंच अडकली.

बाकीच्या तक्रारी तुम्ही ऐकल्याच असतील. सिनेमा पावणेतीन तासांचा, आणि त्यात बॅटमॅन बॅटमॅनच्या कपड्यांत किती वेळ दिसतो? शहरातले हजारो पोलीस कित्येक महिने भुयारात अडकून पडतात आणि बाहेर येतात ते चकाचक. आणि तो खलनायक बेन! टॉम हार्डीच्या तोंडावर तो मुखवटा, त्यातनं काय बोलतोय ते इंग्रजांनासुद्धा कळेना. डिसेंबर २०११ मध्ये सुरुवातीची काही मिनिटं निवडक थेटरांत दाखवली, तेव्हाच बोंब झाली होती. पुढं आवाजावर काम केलं, तरी तक्रार राहिलीच. मी हिंदीत बघितला. एकेक शब्द कळला. हिंदी डबिंगला नाकं मुरडणारी मंडळी असतात ना, इंग्रजी सिनेमा इंग्रजीतच बघायचा म्हणणारी, त्यांनी निम्मा सिनेमा अंदाजानं बघितला. हे मी वाटेल तिथं सांगतो, इथंही सांगून ठेवतो.

आता तो हिंदी सिनेमा मी कुठं बघितला, ते सांगतो.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजूला एक टॉकीज. नाव सांगत नाही, कारण त्यांच्या खुर्च्यांनी माझी एक चांगली पँट फाडली आहे. पावसाळ्याचे दिवस, संध्याकाळचा खेळ. थेटरभर ओल्या छत्र्या, शेंगदाण्याच्या पुड्या. माझ्या पुढच्या रांगेत तालमीची पोरं. मोडलेले कान, मानेपेक्षा डोकं लहान, आणि खांदे असे की दोन पोरांच्या मधली खुर्ची रिकामीच ठेवावी लागलेली. मधोमध त्यांचे वस्ताद. सत्तरीच्या पुढचे असावेत. मागच्यांना दिसावं म्हणून फेटा काढून मांडीवर ठेवलेला. पोरांनी त्यांना आग्रह करून आणलं होतं, "वस्ताद, ह्यात कुस्ती हाय" म्हणून.

सुरुवातीला एक विमान दुसऱ्या विमानाला लटकतं. पोरं खूश, वस्ताद गप्प. मग आलं फुटबॉलचं मैदान. कोल्हापूरकराला फुटबॉल काय सांगायचा? शाहू स्टेडियमवर पेठांचे संघ उतरले की घरातली जेवणं थांबतात. पण पडद्यावरचा फुटबॉल अमेरिकेचा. खेळाडूनं चेंडू हातात धरला आणि सुटला पळत. मागनं एकजण ओरडला, "आरं हँड झाला की! रेफ्री कुठं गेला?" तेवढ्यात बेननं सुरुंग लावून सगळं मैदानच खाली घातलं. "ह्यो बघ, खाली गेला," दुसऱ्यानं सांगितलं. त्या प्रसंगाची जगातल्या मोठमोठ्या समीक्षकांनी पानं भरली असतील, मला अजून ही दोन वाक्यंच आठवतात.

पुढं गटारातली मारामारी. बॅटमॅन आणि बेन समोरासमोर. आता वस्ताद सरसावून बसले.

"ह्याची म्हेनत किती वर्सं बंद हाय?" त्यांनी शेजारच्या पोराला विचारलं.

"आठ वर्सं, वस्ताद."

"काठी टेकत चालत व्हता न्हवं मगाशी?"

"व्हय. गुडघा गेलाय त्येचा."

"मग ही जोड लावली कुणी?"

पोराला उत्तर सुचेना. जोड कुणी लावली! मंडळी, हा प्रश्न कुठल्याही परीक्षणात मी वाचला नाही. आठ वर्षं बसून असलेला माणूस, गुडघ्याला यंत्राचा पट्टा बांधून, आयुष्यभर लढण्याशिवाय दुसरं काही न केलेल्या गड्यासमोर उतरतो. त्याचा म्हातारा नोकर आल्फ्रेड त्याला कळवळून सांगतो, जाऊ नका. हा ऐकत नाही. म्हातारा घर सोडून जातो. वस्तादांना अख्ख्या सिनेमात पटलेला पहिला माणूस तो. "त्यो म्हातारा शाना हाय," ते तेव्हाच म्हणाले होते.

मारामारी चालू. बॅटमॅननं धूर केला, दिवे घालवले. बेन ढिम्म. वस्तादांचं आपलं चालूच. "दम तुटला बघ ह्याचा. त्वांडानं श्वास घ्याय लागला. आन् ह्यो मुसकं बांधल्याला गडी बघ, कसा दमानं लढतोय." आणि मग बेननं त्याला डोक्यावर उचलला आणि गुडघ्यावर आपटला. पाठ मोडली. हे कॉमिकमध्ये १९९३ सालीच झालेलं, ज्यांना माहीत होतं ते वाटच बघत होते. आमच्या थेटरात मात्र कुणाला माहीत नव्हतं. पुढच्या रांगेतली सगळी पोरं एकदम मागं सरकली, खुर्च्यांचा करकर आवाज झाला, आणि पडद्यावर आलं मध्यंतर.

इंग्रजी सिनेमाला मध्यंतर नसतं. ते आपले लोक मधेच कुठंतरी कापतात. कुणाच्या तोंडात अर्धं वाक्य असतं आणि चिप्सवाला आत येतो. याच्याविरुद्ध मी बराच बोललोय. पण त्या दिवशी ज्या ऑपरेटरनं तिथं कात्री लावली, त्याला माझा नमस्कार.

बाहेर चहाच्या गाड्यावर पोरांनी वस्तादांना घेरलं. "वस्ताद, बसंल का पाठ?" त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "मणका सरकला आसंल तर बसंल. तुटला आसंल तर सिनेमा हितंच संपला." मग खासबाग मैदानातली कुठली तरी जुनी कुस्ती त्यांनी सांगितली, पाठ धरलेला पैलवान किती महिने फळीवर झोपून होता, तेल कुठलं, मालीश कुणाचं. घंटा झाली तरी उठेनात. शेवटी पोरांनी उठवलं.

आत आलो तर बॅटमॅन विहिरीसारख्या खोल तुरुंगात. तिथला एक कैदी त्याला दोरानं टांगतो आणि बाहेर आलेल्या मणक्यावर ठोसा मारून तो आत बसवतो. वस्ताद पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. "माज्याकडं आसला वैद्य आला तर आदी त्यालाच टांगीन." मंडळी, घरात कुणाची पाठ धरली असेल तर कृपा करून डॉक्टरांकडं जा. सिनेमातला उपाय करू नका, आणि चहाच्या गाड्यावर ऐकलेलाही नको.

मग ती चढाई. कमरेला दोर बांधून तो भिंत चढतो. एका ठिकाणी मोठी उडी आहे. पडतो. पुन्हा चढतो, पुन्हा पडतो. पडला की दोर झटका देऊन त्याला धरतो. पोरांचे गुडघे हलायला लागले. तालमीत दोराला चढणं ही रोजची मेहनत, त्यामुळं कुठं हात घसरतोय ते त्यांना आधीच कळत होतं. वस्ताद मांडीवरचा फेटा मुठीत धरून म्हणाले, "दोर सोड म्हनावं त्याला. खाली गादी घातली की पोरगं निम्म्यातनंच सुटतं."

आणि पडद्यावरचा आंधळा कैदी हे त्यांच्या नंतर बोलला! जे लहान मूल इथनं सुटलं, ते दोराशिवाय चढलं होतं, भीती पाठीशी पाहिजे, असं. वस्तादांनी कैद्याच्या आधी सांगून टाकलं होतं. पोरांनी एकदम वळून त्यांच्याकडं बघितलं.

मग त्यानं दोर सोडला. तुरुंगातले कैदी घोष करायला लागले, "देशी बसारा, देशी बसारा". कुणाला काही कळलं नाही, 'देशी' तेवढं कळलं, आणि तेवढ्यावर अख्खं थेटर चालू झालं. त्यानं उडी मारली, हात धरला, आणि खालच्या दर्जातनं चिल्लर उडाली. एक नाणं माझ्या छत्रीवर पडलं. तो बाहेर आला, मागं एक किल्ला दिसला, तसा डाव्या बाजूनं एक ट्रकवाला उभाच राहिला. "आरं हे जोधपूर! म्या फरशी आणायला जातोय की तिकडं!" बरोबर होतं त्याचं. मेहरानगडाच्या पायथ्याला मे २०११ मध्ये ते चित्रण झालं होतं. भर मे महिन्यात, जोधपूरच्या उन्हात.

वस्तादांनी ते ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे हितनं त्यो अमेरिकेला गेला? खिशात पैका न्हाई, कपडं धड न्हाईत. तिकीट कुणी काढलं?"

तिकीट कुणी काढलं! सगळ्या जगानं हीच तक्रार केली. दिवाळं निघालेला माणूस, जगाच्या त्या टोकाहून या टोकाला, वेढा पडलेल्या शहरात शिरला कसा? नोलननं उत्तर दिलं नाही. वस्तादांनी मात्र स्वतःच सोडवून टाकलं. "ट्रकवाल्यानं सोडला आसंल." यावर ट्रकवाला भलताच खूश.

शेवटाकडं मरियों कोतियार या नटीचं, म्हणजे सिनेमातल्या खलनायिका तालियाचं मरण आहे. बोलता बोलता ती एकदम डोळे मिटून मान टाकते. तिच्या त्या मरण्यावर जगभर थट्टा झाली, कोल्हापुरातही पिकली. मरणाचासुद्धा रियाज लागतो. आपल्या संगीत नाटकांत मेलेला नट 'वन्स मोअर' आला की उठून पुन्हा गायचा आणि पुन्हा मरायचा म्हणतात, आणि दोन्ही वेळा लोक रडायचे. ते शिक्षण वेगळं. असो, कुठं चाललो मी.

बॅटमॅन विमानातनं बॉम्ब घेऊन समुद्राकडं उडाला. स्फोट झाला. आल्फ्रेड थडग्यापाशी रडला. थेटरात एक शिट्टी नाही. आणि मग फ्लॉरेन्समधला तो कॅफे, म्हातारा मान वर करतो आणि समोरच्या टेबलावर ब्रूस, म्हणजे मुखवट्याशिवायचा बॅटमॅन. जिवंत. सोबत सेलिना, ती कॅटवुमन. म्हातारा नुसती मान हलवतो आणि निघून जातो.

दिवे लागले तशी भांडणं सुरू. एक पोरगं म्हणालं, म्हाताऱ्याला भास झाला. दुसरं म्हणालं, डोळ्यानं दिसला की. हे भांडण जगभर चाललं, अजून चालतं. माझ्या मते त्यात भांडण्यासारखं काही नाही. विमानाचा ऑटोपायलट ब्रूसनं आधीच दुरुस्त करून ठेवल्याचं स्पष्ट सांगितलंय, आणि आईच्या मोत्यांची माळ सामानातनं गायब झालेली आहे. म्हाताऱ्याच्या भासासाठी कुणी ऑटोपायलट दुरुस्त करत नाही. पण ज्यांना तो मेलेला हवाय, त्यांचा हिशोब दुसऱ्या भागापासूनचा आहे. त्यांना मोठा शेवट पाहिजे होता, त्यागाचा. हा पठ्ठ्या गेला कॅफेत बसायला. मला तर फार बरं वाटलं. आपल्याकडं पैलवानानं कुस्ती सोडून शेती करावी, म्हशी पाळाव्यात, याला कुणी पराभव म्हणत नाही.

पोरांनी शेवटी निकाल वस्तादांकडं मागितला. ते जिन्याच्या पायरीवर उभे राहून फेटा बांधत होते. एक टोक दातात धरलेलं. ते सोडवून म्हणाले, "जित्ता हाय त्यो. पर आदी म्हाताऱ्याला भेटून पाया पडायचं सोडून लांबनं नुसतं बघतंय बेनं." आणि खाली उतरले.

तर मंडळी, तुम्ही हा सिनेमा कुठल्या टॉकीजला बघितलात, आणि तुमच्या रांगेत कोण काय बोललं, ते केंद्राच्या पत्त्यावर लिहून कळवा. खुर्चीविषयी तक्रार असेल तर तीही चालेल. नमस्कार.