बंदुकीचा परवाना: चौकशी दुकानात नाही, तुमच्या गल्लीत होते

नमस्कार मंडळी. परभणी घ्या, जालना घ्या, चहाच्या टपरीवर एखादा तरी म्हणतोच, "अमेरिकेत बरंय राव, दुकानात जायचं अन् बंदूक घेऊन यायचं." तिथंही इतकं सोपं नाही. दुकानदार गिऱ्हाईकाकडून फॉर्म भरून घेतो आणि एफबीआयच्या यंत्रणेला विचारतो. १९९८ पासून ही पद्धत आहे. उत्तर बहुतेक वेळा काही मिनिटांतच येतं.

आपल्याकडं मात्र दुकान सगळ्यात शेवटी. आधी परवाना.

अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत. छत्रपती संभाजीनगर शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तांकडं. सोबत वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला, शस्त्र घरात सुरक्षित ठेवीन असं हमीपत्र. ही कागदं जुळतात हो. फाईल अडते ती ठाण्याच्या अहवालावर.

(कॅमेऱ्याजवळ येऊन)

ठाण्यातून अंमलदार येतो. तुम्हाला विचारतो आणि शेजाऱ्यालाही विचारतो. भावकीत बांधावरून वाद आहे का? दारू पिऊन धिंगाणा घालतो का? खरंच धमकी आलीय, की नुसतं लग्नात कमरेला दिसायला पाहिजे? २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणं हा अहवाल ३० दिवसांत यायला हवा, आणि तो आल्यावर ६० दिवसांत निर्णय. कागदावर बरं का.

वय २१ च्या आत असेल तर विषयच संपला. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झाली असेल, तर ती भोगून झाल्यावरही पाच वर्षं शस्त्र बाळगता येत नाही. आणि चॅप्टर केस, म्हणजे शांतता बिघडू नये म्हणून आधीच होणारी प्रतिबंधक कारवाई! लोक तिला किरकोळ समजतात. पण शांतता राखायचा बॉण्ड लिहून द्यायला लागला असेल, तर त्याची मुदत संपेपर्यंत बंदी. उलट, नावावर गुंठाभर जमीन नाही, एवढ्याच कारणानं मात्र परवाना नाकारता येत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम १४ मध्येच तसं लिहिलंय.

आता रानडुकरांनी आणि रोह्यांनी पीक झोपवलेल्या शेतकऱ्यांसाठी. त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक राखायला ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे. फक्त हे ध्यानात ठेवा, परवाना बंदूक बाळगायचा मिळतो. जनावर मारायचं तर वन विभागाची परवानगी वेगळी. ही गल्लत झाली की शेतकरी थेट वन्यजीव कायद्याच्या गुन्ह्यात.

आणि परवाना मिळाला म्हणजे चौकशी संपली, असंही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. त्यानंतर बीड जिल्ह्यातल्या परवान्यांची छाननी सुरू झाली आणि कित्येक परवाने रद्द झाले. माझं स्पष्ट मत आहे, ही छाननी आधीच व्हायला हवी होती. हवेत बार काढल्याचे व्हिडिओ लोक स्वतःच टाकत होते! अशा बेफिकीर गोळीबाराला शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीपासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली.

अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागा. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर अपील विभागीय आयुक्तांकडं, ३० दिवसांच्या आत. आदेशाची प्रत हातात पडली की त्यावर तारीख टाकून घ्या.