अंगावर काढायचं ते किती दिवस?

मागे ऐकू येतंय ना? बरं. एवढ्या पावसात आलात म्हणून आधी थँक्यू, आणि उगाच वेळ न घालवता सुरू करतो.

माझ्या ओपीडीत दोन प्रकारची माणसं येतात. एकाला सकाळी शिंक आली की संध्याकाळी हजर, 'डॉक्टर, एक स्ट्राँग अँटिबायोटिक द्या, उद्या ऑफिस आहे', आता साधी सर्दी व्हायरसची, त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही, पण ते ऐकून घ्यायला कोण तयार असतं. दुसऱ्याला बायको हाताला धरून आणते आणि तो म्हणतो, मला काही झालेलं नाही, हिलाच हौस. खरा आजार बहुतेक वेळा या दुसऱ्यालाच निघतो.

एका काकांचं सांगतो. रात्री दोनला छातीत जळजळ, मग ओवा खाल्ला, सोडा प्यायले, येरझाऱ्या घातल्या, मुलाला उठवलं नाही कारण त्याची सकाळची शिफ्ट. साडेनऊला माझ्याकडे चालत आले. जानेवारीची थंडी आणि शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. मी 'गॅस' हा शब्द पुरा ऐकलाच नाही, सरळ ईसीजी काढला. वाचले, पण हृदयाचा जो भाग त्या सात-आठ तासांत गेला तो गेलाच. दरदरून घाम, जबडा किंवा डावा हात भरून येणं, दम लागणं, यातलं काही असेल तर १०८ला फोन करा, रात्र असली तरी. डायबेटिस असेल तर छातीत दुखेलच असंही नाही बरं का.

आपली गडबड इथेच होते. जास्त दुखलं म्हणजे मोठा आजार आणि दुखत नाही म्हणजे काही नाही, असं आपण धरून चालतो.

आता डेंग्यू घ्या, सीझनच आहे. तीन-चार दिवस ताप फणफणतो, घरातले सगळे जागे, मग ताप उतरतो आणि सगळे हुश्श करतात. पण नेमका तेव्हाच धोका असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, कारण रक्तवाहिन्यांमधून पाणी झिरपायला लागतं आणि बीपी पडू शकतं. आपण मात्र प्लेटलेटचा आकडा आणि पपईच्या पानांचा रस यातच अडकलेले. ताप गेला तरी पोटात जोरात दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, माणूस मलूल पडलाय, लघवी कमी झालीये, तर लगेच अ‍ॅडमिट. आणि तापावर पॅरासिटामॉल सोडून दुसरी पेनकिलर मनाने घेऊ नका, ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन तर नाहीच.

खोकल्याचं थोडक्यात. दोन आठवडे झाले तरी चालूच असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, टीबीची तपासणी आणि औषधं दोन्ही तिथे फुकट आहेत. त्यात लाज कसली.

आणि आता माझी स्वतःची चूक. माझी आत्या, वर्षानुवर्षं मिश्री लावायची. दर दिवाळीला भेटली की गुडघे दाखवायची आणि मी गोळ्या लिहून द्यायचो. गालात आतून एक पांढरा चट्टा होता, दुखत नव्हता म्हणून ती बोलली नाही, आणि मी घरातला डॉक्टर, 'आ कर' म्हणायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. पुढे तिला घास चावता येईना तेव्हा कळलं.

तेव्हापासून पेशंटला मी 'किती दुखतंय' याच्या आधी 'कधीपासून' विचारतो. बहुतेकांना सांगता येत नाही, 'झाले असतील चार-पाच दिवस' म्हणतात आणि शेजारी बसलेली सून म्हणते, अहो गणपतीत सुरू झालं होतं! म्हणून घरच्या कॅलेंडरवर ज्या दिवशी सुरू झालं त्या तारखेला पेनाने गोल करा, दुधाचा हिशोब लिहिता तिथेच. तोंडातला फोड, चट्टा किंवा बसलेला आवाज दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर दाखवायचंच, दुखत नसलं तरी.

मिश्री, मावा, तंबाखू काहीही असो, हात वर करायला सांगत नाही, पण आज घरी गेल्यावर मोबाईलची टॉर्च लावून आरशात गालाच्या आतून एकदा बघा. चहा येतोय तोवर प्रश्न विचारा, फक्त रिपोर्टच्या फायली उघडू नका हां, चष्मा घरी राहिलाय.