दुखत नसतानाही तोंड तपासून घ्या

श्रोतेहो, नमस्कार. दाढेने रात्रभर झोपू दिलं नाही, लवंग ठेवून झाली, मेडिकलमधून गोळी आणून झाली, की मग आपण दाताच्या दवाखान्यात जातो. तेव्हा डॉक्टरांचं सगळं लक्ष त्या एका दाढेकडे असतं, आणि असायलाच हवं. काही दुखत नसताना केलेली तपासणी वेगळी. तिच्यात हिरड्या, जीभ, टाळू, गालांची आतली बाजू निवांत पाहता येते आणि दाताबाहेरचे आजारही सापडतात.

मधुमेहाचं घ्या. चाळिशीतला माणूस. दातांना कीड नाही, तरी दोन-तीन दात हलताहेत, हिरड्यांत पुन्हापुन्हा पू होतोय, तोंडाला कोरड पडतेय. असं तोंड पाहिलं की आम्ही दाताचे डॉक्टर विचारतो, "साखर कधी तपासलीत?" पुष्कळांनी ती कधीच तपासलेली नसते. साखर वाढलेली राहिली की जंतूंशी लढण्याची ताकद घटते, जखम लवकर भरत नाही, आणि त्याचा फटका हिरड्यांना बसतो. उलट हिरड्यांची जुनी सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. म्हणून मधुमेह असलेल्यांनी हिरड्यांचे उपचार टाळू नयेत.

जीभ फिकी, गुळगुळीत झाली असेल तर रक्त किंवा बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व कमी असू शकतं. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन घेणाऱ्या काहींच्या हिरड्या फुगतात. गोळी मात्र मनाने बंद करू नका, ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारा.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मिश्रीची. "मावशी, तंबाखू खाता का?" विचारलं की उत्तर येतं, "नाही हो, कधीच नाही." "आणि मिश्री?" "ती लावते की, सकाळ-संध्याकाळ." मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच! पण दात घासायची वस्तू म्हणून घरात कुणी तिला व्यसन म्हणत नाही, आणि त्या बाईच्या तोंडात कुणी डोकावूनही पाहत नाही.

गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली, तरी गुटख्याने आखडलेली तोंडं आजही तरुण मुलांमध्ये दिसतात. नुसत्या सुपारीनेही हे होतं. आधी तिखट सोसेनासं होतं, मग गाल आतून पांढुरके, ताठ होतात, तोंड उघडेना होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, घरीच बघा. जात नसतील तर लगेच दाखवा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, हेही तसंच. सुरुवातीला यातलं बरंचसं दुखत नाही, म्हणून लोक थांबतात. कधी डॉक्टर त्या जागेचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, ही भीती मी गावोगाव ऐकली आहे. तसं होत नाही. उशीर केला तर मात्र आजार वाढतो.

मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत ही तपासणी कमी खर्चात होते. जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी न्या. हृदयाच्या झडपेचा आजार असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते दात काढण्याआधी सांगा. आणि घरातल्या आजीला कवळी असली, तोंडात एकही दात उरला नसला, तरी तिलाही सोबत घेऊन जा.